बॅटरीबाईनं न पाहिलेला शेवट

निम्मं आयुष्य थिएटरात काढलेल्या बॅटरीबाईनं एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. हे सांगितलं की लोक म्हणतात, काहीतरीच! अहो, काहीतरीच काय? थिएटरचं काम कसं चालतं ते ठाऊक नसलं की असंच वाटायचं.

उशिरा येणाऱ्यांना अंधारात बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, हे तिचं काम. म्हणून ती बॅटरीबाई. तिला खरं नावही होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली असती तर तिनं ओ दिली असती की नाही, शंकाच आहे. पण खुर्ची दाखवणं हे झालं निम्मं काम. उरलेलं निम्मं असं, की सिनेमा संपत आला की मागच्या दारानं बाहेर पडायचं, जिना उतरायचा, खालच्या मोठ्या दारांचे लोखंडी अडसर सरकवायचे, दारं भिंतीला टेकवून कड्या अडकवायच्या आणि जिन्यातले दिवे लावायचे. दार वेळेवर उघडलं नाही तर वरून उतरणारी गर्दी जिन्यात तुंबते आणि कुणाची तरी हाडं मोडतात. म्हणजे पडद्यावर जेव्हा सगळ्या गाठी सुटायच्या असतात, तेव्हा बाई जिन्याच्या वळणावर, भिंतीला पाठ लावून उभी.

आणि खरं सांगायचं तर त्याचं तिला काडीचं दुःख नव्हतं. त्या भिंतीतून आवाज यायचे, पण शब्द यायचे नाहीत. वाजंत्री यायची, कुणीतरी ओरडल्यासारखं यायचं, मग सगळ्या थिएटरचं हसू एकदम यायचं, दूरवर कुठेतरी पूर आल्यासारखं. पिवळ्या दिव्याखाली ती डोळे मिटायची, आणि मग शेवट तिच्या मनाचा. तिच्या शेवटांत मेलेली माणसं उठून चहा प्यायची. निघालेल्या गाडीतून नायिका उतरायची नाही, खिडकीत बसून पुढची सगळी गावं बघायची. कुणाला कुणाची माफी मागावी लागायची नाही, कुणाला काही पटवून द्यावं लागायचं नाही. वर दारं उघडल्याचा आवाज झाला की ती डोळे उघडायची आणि म्हणायची, "सावकाश उतरा, पायरी बघा."

शेवट कुणाला विचारायची सोय नव्हती. थिएटरचे मॅनेजरसाहेब या बाबतीत फार कडक. बारा महिने गळ्याला मफलर, आणि तोंडात एकच वाक्य: "शेवट हा आपला माल आहे. तो तोंडातून बाहेर पडला की आपलं दुकान बंद!" त्यामुळे वर मशीन चालवणारा ऑपरेटर असो की तिकीट खिडकीवरची बाई, शेवटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अगदी आपसातसुद्धा नाही. तशी शिस्तच पडून गेली होती.

पण बॅटरीबाईला विचारायची गरजच काय? ती माणसांच्या चेहऱ्यावरून ओळखायची. कुणी मेलं असलं की लोक पायऱ्यांकडे बघत उतरतात. प्रेमिकांचं जमलं असलं की रेंगाळत उतरतात. सिनेमातली बाई ताठ उभी राहून जिंकली असली तर पुरुष मूग गिळून बाहेर पडतात आणि उगाच खिसे चाचपतात. आणि बाई नमली, रडली, "चुकलं माझं" म्हणत घरी परतली, की हेच पुरुष शीळ घालत उतरतात, बायकोच्या खांद्यावर हात टाकून. हा तिचा अंदाज आजवर चुकला नव्हता. निदान तिला तसं वाटायचं.

विनोदी सिनेमांवर तर तिचा खास राग. का नसावा? जाड बाई पडली, हसा. बाईनं गाडी चालवायला घेतली, भिंतीवर आपटली, हसा. बाई बोलायला लागली, नवऱ्यानं कानात कापूस घातला, हसा! त्यातल्या त्यात जे सिनेमे बाईला सगळ्यांच्या डोक्यावर मिरे वाटू देतात, ते तर जास्तच लबाड. दोन तास तिला मोकळी सोडायची, ती शेवटी दोरी खेचताना मजा यावी म्हणून. हा कुठला न्याय? बॅटरीबाई अंधारात दाराशी उभी राहून असल्या सिनेमांना मनातल्या मनात शिव्या घालायची. तोंडानं मात्र, "तिसरी रांग, डावीकडून पाचवी."

आणि मग ती माळ्यावरची बाई आली.

सिनेमा विनोदीच होता. घरात नवरा, सासरा, दोन मोठाले मुलगे आणि ही एकटी. अंगानं भरलेली, वयानं निम्म्यावर आलेली, दिवसभर भिंगरीसारखी फिरणारी. एके दिवशी कसलासा डबा काढायला स्वयंपाकघरातल्या माळ्यावर चढते, आणि शिडी घसरून खाली पडते. ही वरच अडकते, हाका मारते. कुणी ऐकत नाही. सगळे आपापल्या नादात. थोड्या वेळानं ती हाका मारायची थांबते, पाय पसरून बसते, भिंतीला टेकते, आणि तिच्या लक्षात येतं की अरेच्चा, इथं किती शांत आहे! बस्स. पुढं शिडी लावली तरी ती खाली येत नाही.

खाली जी काय त्रेधातिरपीट उडते म्हणता! नवरा वर तोंड करून विचारतो, "मीठ कुठं आहे?" ती वरून म्हणते, "घरात." सासरा घरची बैठक बोलावतो, तर कोणता मुलगा कितवीला आहे यावरच भांडण जुंपतं. नवरा पाहुण्यांना सांगत असतो, "बायकांचं काय हो, बसूनच तर असतात," तेवढ्यात वरती माळा करकरतो. दुसऱ्या कुठल्याही सिनेमात तिच्या वजनावर हसायची जागा ठरलेली होती. पण ही बाई मुद्दाम कूस बदलते, आणि माळ्यावरची सगळी धूळ नवऱ्याच्या ताटात! मग हिच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून डॉक्टरीणबाईंना बोलावतात. त्या बॅग घेऊन शिडी चढतात, बराच वेळ खाली येत नाहीत, आणि मग वरून त्यांचा आवाज येतो, "अजून एक उशी मिळेल का?"

या उशीला बायका आधी हसल्या. बॅटरीबाईला ते तिथल्या तिथे जाणवलं. एरवी पुरुष हसतात आणि मग बायका हसतात, नवरा हसतोय की नाही ते बघून. इथे बायका आधी, आणि पुरुष मागून, जरा बिचकत. बॅटरीबाई स्वतः इतकी हसली की हातातली बॅटरी हलून उजेडाचा गोळा छतावर नाचायला लागला. कुणीतरी "ए बॅटरी!" म्हणून ओरडलंसुद्धा.

त्याच दिवसांत तिच्या दादाचं चाललं होतं, की तू आता माझ्याकडे ये.

दादा वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. धाकट्या बहिणीला सायकल शिकवताना स्वतःचे गुडघे फोडून घेणारा हा भाऊ. तिचा नवरा ऐन तारुण्यात गेला तेव्हा इतर नातेवाइकांनी हात वर केले, पण दादा उभा राहिला. पण गेल्या वर्षी त्याची बायको, म्हणजे हिची वहिनी गेली, आणि दादाचं घर बसलं. दोन मुलगे कमावते, पण घरात कुणाला कशाचा पत्ता नाही. तो हिच्या खोलीवर यायचा, खुर्चीत बसायचा आणि म्हणायचा, "तुझी वहिनी गेल्यापासून घरात काही सापडत नाही बघ." मग म्हणायचा, "इथं तरी तुझं कोण आहे? तिथं हक्काचं घर आहे. घर तेवढं बघ, बाकी राणीसारखी राहा."

थिएटरच्या मागे, पत्र्याच्या छपराकडे उघडणारी एक खिडकी असलेली ती खोली. एक पलंग, एक शेगडी, एक खुर्ची. खुर्चीत दादा बसला की ती पलंगाच्या काठावर बसायची. दुपारी पत्र्यावर ऊन पडलं की छताला पाण्यासारखी झळाळी हलायची, आणि ती पडल्या पडल्या त्याकडे बघत बसायची. ती खोली, तो जिना आणि ती भिंत, एवढंच काय ते तिचं. दादाकडे गेली तर पहाटे उठल्यापासून तीन पुरुषांचे मोजे शोधायचे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं मन मुळीच तयार नव्हतं. पण दादाला नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? ज्यानं पडत्या काळात हात दिला, त्याचा हात झटकायचा? ती म्हणायची, "बघू." मग म्हणायची, "विचार करते." आणि त्या पहिल्याच खेळाला, उशीवर हसता हसता, तिनं मनाशी ठरवून टाकलं, की ती माळ्यावरची टिकली तर आपणही टिकायचं. ती उतरली तर आपणही जायचं.

वेडेपणा म्हणा हवं तर. पण माणूस मोठमोठे निर्णय असल्याच कशावर तरी सोडतो आणि वर सांगतो, नीट विचार केला.

पहिल्या खेळाला ती जिन्यात उभी राहिली तेव्हा डोळे मिटेनात. भिंतीतून हसण्याचा लोंढा आला, थांबला, पुन्हा आला. वर दारं उघडली. आणि पुरुष हसत बाहेर आले! नुसते हसत नाहीत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. एक जण शीळ घालत होता. एक आजोबा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून इतके हसत होते की पायरीवर थांबून त्यांना दम घ्यावा लागला.

बॅटरीबाईनं मनात म्हटलं, झालं! उतरवली तिला. आणली खाली, रडवली, माफी मागायला लावली. बायकाही हसत होत्या, पण शेजारी नवरा असताना बायका दुसरं काय करणार? दुपारच्या खेळाला तेच, संध्याकाळच्याला तेच. "सावकाश उतरा, पायरी बघा," ती कशीबशी म्हणाली. इतकं वाईट तिला कुठल्याच सिनेमाचं वाटलं नव्हतं. सख्ख्या मैत्रिणीनं शब्द फिरवावा तसं वाटलं.

पुढच्या वेळी दादा आला तेव्हा ती म्हणाली, "येते मी."

दादाला इतका आनंद झाला की त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. तिनं मॅनेजरसाहेबांना सांगितलं. त्यांनी मफलर दोनदा सोडला, दोनदा गुंडाळला, आणि म्हणाले, "बरं."

सिनेमा मात्र हटायला तयार नाही. लोक पुन्हा पुन्हा येत होते. तिच्या नोकरीचे उरलेले दिवस तोच लागला होता, आणि रोज तीच बाई माळ्यावर चढायची, रोज पाय पसरून बसायची. बॅटरीबाई दाराशी उभी राहून तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, हस बाई, हस, तुला कुठं ठाऊक आहे. आता तिला हसूही येत नव्हतं.

त्या थिएटरची एक रीत होती. जो कुणी नोकरी सोडून जाईल त्यानं शेवटच्या दिवशी बाल्कनीतल्या मधल्या खुर्चीत पाहुण्यासारखं बसायचं, आणि सिनेमा अथपासून इतिपर्यंत बघायचा. त्याचं काम इतरांनी करायचं. ऑपरेटरच्या आधीचा ऑपरेटर असाच गेला होता, झाडूवाली मावशी अशीच गेली होती. बॅटरीबाईनं हातापाया पडून सांगितलं, "मला नको. त्या बाईची फजिती बघायला माझा जीव होत नाही." मॅनेजरसाहेब म्हणाले, "रीत म्हणजे रीत." तिकीट खिडकीवरच्या बाईनं तिच्या हातातून बॅटरी काढून घेतली, तिच्यापुढे उजेड धरला आणि थाटात म्हणाली, "या बाई, तुमची खुर्ची."

दादा टेम्पो घेऊन दुपारीच आला होता. पलंग, शेगडी, खुर्ची, सगळं चढवून झालं होतं. त्यालाही तिच्या शेजारी बसवलं.

दिवे मालवले. पाहिलेलाच सिनेमा, पण खुर्चीत बसून तो वेगळाच दिसत होता. मऊ अंधार, पायाला आराम, आणि कुणीही "बॅटरी" म्हणून हाक मारणार नव्हतं. आपण जागे आहोत की जिन्यात उभ्या उभ्या डोळा लागलाय, हेच तिला कळेना. दादा मात्र पहिल्यापासून हसत होता. मिठाला हसला, धुळीला हसला, उशीला तर त्यानं खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. ती त्याच्याकडे चोरून बघायची आणि तिला वाटायचं, हस बाबा, तुझीच बाजू जिंकणार आहे.

मग ती वेळ आली. तिचे पाय सवयीनं उठायला निघाले. तिनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

पडद्यावर नवरा चहाचा कप सांभाळत शिडी चढला. वर जाऊन बायकोसमोर मांडी घालून बसला आणि बोलायला लागला. चुकलं, म्हणाला. तो म्हणाला! आणि मनापासून म्हणाला, डोळ्यांत पाणी आणून. बायकोनं चहा घेतला, एक घोट प्यायली आणि म्हणाली, "जमलाय." मग कप त्याच्या हातात ठेवला, शिडी उतरली, शिडी खांद्यावर घेतली आणि सरळ घराबाहेर पडली.

गल्लीत सकाळचं ऊन होतं. खांद्यावर शिडी घेऊन ती चालली होती, आणि एकेका घराची खिडकी उघडत होती. एकेक हात बाहेर येत होता. "इकडे गं! इकडे, आधी इकडे!" म्हातारे हात, पीठ लागलेले हात, कोवळे हात. मागून माळ्यावरून नवऱ्याची हाक, "अगं, पण मी खाली कसा येऊ?" आणि गल्लीच्या पार टोकाकडून तिचा आवाज, "हळूहळू!"

नवरा इकडे तिकडे बघतो. तिची उशी दिसते. टेकतो. उरलेला चहा पितो. आणि म्हणतो, "जागा बरी आहे की!"

सगळं थिएटर फुटलं. पुरुष हसत होते, बायका हसत होत्या, पुढच्या रांगेतले कुणी तरी उभे राहून टाळ्या वाजवत होते. बॅटरीबाई तेवढी हसत नव्हती. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. उतरवली नाही हो तिला! सगळ्यांना पोट धरून हसवलं, पण त्या हसण्यासाठी तिला विकलं नाही. पुरुष शीळ घालत उतरले ते ती नमली म्हणून नाही. त्या माळ्यावर बसलेल्या वेड्यात त्यांना स्वतःची ओळख पटली म्हणून. आणि ही, माणसांचे चेहरे वाचणारी म्हणून मिरवणारी, रोज जिन्यात उभी राहून उलटंच वाचत होती. कारण बाई जिंकली आणि तरी सगळे मिळून हसले, असं काही तिनं आजवर बघितलंच नव्हतं.

दिवे लागले. दादा रुमालानं डोळे पुसत म्हणाला, "काय बाई आहे! वा! चल, टेम्पोवाला ताटकळला असेल."

"दादा, मी येत नाही."

तो हसला. त्याला वाटलं, सिनेमाचंच पुढं चाललंय. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. "अगं, सामान चढवून झालंय."

"चढवलंय ते उतरवू."

"मग आधी हो कशाला म्हणालीस?"

"मला वाटलं, ती शेवटी माफी मागते," बॅटरीबाई म्हणाली. याचा अर्थ दादाला कसा कळणार? पण तिला दुसरं खरं उत्तर सुचेना. मग तिनं त्याचा हात हातात घेतला. "तू माझ्यासाठी काय केलंस ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मला इथंच राहायचंय. हे काम आवडतं मला, माझी खोली आवडते. तू रविवारी येत जा. पोरांना पण आण. शेगडी मी दाखवीन, पेटवायची तुम्ही. सगळं शिकवते तुम्हाला."

"या वयात मी शिकू?"

"हो."

दादाचा चेहरा उतरला. त्याला लागलं होतं, आणि ते तिला दिसत होतं. तिचं मन तिळतिळ तुटत होतं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही. खाली जिन्यातून लोकांचं हसणं दूर दूर जात होतं. थिएटर रिकामं झालं. पांढऱ्या पडद्याकडे बघत दादानं रुमालाची घडी घातली.

"मघाशी हसता हसता एक गंमतच झाली," तो म्हणाला. "त्या माळ्यावर मला तुझी वहिनीच दिसायला लागली. पाय पसरून बसलेली, आणि माझ्याकडे बघून खदाखदा हसतेय. पण चेहरा काही जुळेना. इतकी वर्षं संसार केला, पण तिला तसं मोकळं हसताना मी कधी पाहिलंच नाही गं."

"मी पाहिलंय, दादा," ती हळूच म्हणाली. "पुष्कळदा. तू बाहेरगावी गेलास, की ती माझ्याकडे राहायला यायची."